कपाट नंबर सात

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आमच्या निंबदऱ्याच्या माळावर चारशे माणसं कुडकुडत उभी होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला एका काचेला हात लावायचा होता.

पारनेरच्या पठारावर पौषातला वारा अडवायला काही नसतं. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नगरचं तापमान सहा अंश छापलं होतं, आमच्याकडं त्याहून एखादा अंश कमीच. केळीची पानं करपून काळी पडली होती. अंगणातल्या तुळशी काड्या होऊन उभ्या होत्या. आणि माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भगव्या मखमलीच्या पडद्यात बसवलेल्या काचेमागं, एक पानवेल हिरवीगार होती. नुसती हिरवी नाही. शेंड्याला नवी, पोपटी, तळहाताएवढी पानं फुटत होती. त्या काचेला हात लावला की ऊब लागत होती.

"हात लावा, माय, हात लावा!" पानबाबा माइकवरून ओरडत होते. चाळिशीतला धडधाकट माणूस, अंगावर लोकरीची शाल, पायांत नवे बूट. "भाईर काय हाय?"

"थंडी!" लोक म्हणाले.

"आन हितं काय लागतंय हाताला?"

"ऊब!"

"कुनाची?"

"देवाची!"

टक्.

काचेमागून आवाज आला. बारीक, कोरडा, जीभ टाळूला लावून सोडावी तसा. रांगेतल्या बायकांनी गालांवर हात मारून घेतले.

"बोलला!" बाबांनी दोन्ही हात वर केले. "एक टक् म्हंजी एका मानसाचा रोग सुटला! अमेरिकेतून दोन शास्त्रज्ञ आलते. म्हनले, बाबा, आमाला मोजू द्या. म्हनलं मोजा. थर्मामीटर लावला आन फुटला! हातातल्या हातात. आज ते दोगं गुरुवार धरत्यात, मटन बंद!"

"कुठं असत्यात ते, बाबा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"अमेरिकेतच की रं! तिथं काय गुरुवार उगवत न्हाई व्हय?"

लोक हसले. हसणारी माणसं पुढं सरकतात, हे बाबांना ठाऊक होतं. रांग पुढं सरकली आणि तिच्याबरोबर मीही.

मी रांगेत का होतो, हे मला नीट सांगता येत नाही. मी गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. अजूनही सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडतो, कारण उघडायला दुसरं कुणी नाही. नवल असेल तिथं जाऊन पाहावं, एवढंच मनात होतं. पाहून आल्यावर काय करायचं, याचा विचार मी सहसा करत नाही.

काचेपासून दोन हातांवर आलो आणि पडद्याच्या खालच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, मला एक चामड्याची मूठ दिसली. काळी, मधोमध भेगाळलेली, दोन खिळ्यांनी ठोकलेली. ती माझ्या जुन्या कंबरपट्ट्याची होती. ती मीच ठोकली होती.

टक्.

तो आवाजही माझाच होता.

"या, मास्तर!" बाबा म्हणाले. मी कधीच मास्तर नव्हतो. त्यांनी वेलीचं एक पान खुडून माझ्या तळहातावर ठेवलं. पान कोमट होतं. "घ्या. तुमच्यासारख्या शिकलेल्यानं घेतलं म्हंजी जगानं घेतलं."

चारशे माणसं बघत होती. मला 'नको' म्हणता येत नाही. दुकानदारानं भलत्याच मापाची चप्पल पुढं केली, तरी मी ती घेऊन येतो. मी पान तोंडात घातलं आणि चावलं. मग हात मोकळे राहिले, त्यांचं काय करावं कळेना, म्हणून ते जोडले.

माझ्या मागं चांगुणा उभी होती, आणि तिच्या पदराला धरून तिची पोर, राजेश्वरी.

*

ती पेटी मी तीन हिवाळ्यांपूर्वी बांधली. देवासाठी नाही, एका वेलीसाठी.

वाचनालयात एक जुनं, पानं सुटलेलं बागकामाचं पुस्तक होतं. थंड मुलुखातली माणसं उष्ण प्रदेशातली झाडं हिवाळाभर कशी जगवतात, याचं त्यात एक प्रकरण होतं. काचेची लहानशी खोली, तळाशी ऊब, मधे ओल. मला वाटलं, आपल्या पठारावर पानवेल कधी टिकली नाही, ती अशी टिकेल. मला पान खायची सवय नाही. पण हिवाळ्यात एखादी हिरवी गोष्ट जवळ असावी, असं त्या वर्षी फार वाटत होतं.

वाचनालयातलं काचेचं कपाट नंबर सात वाळवीनं मागून खाल्लं होतं. पाठ काढून तिथं थर्माकोल ठोकला, फटी मेणानं बुजवल्या. तळाशी चाळीस वॅटचे दोन पिवळे बल्ब बसवले आणि त्यांवर मातीची दोन मडकी उपडी ठेवली. उजेड बाहेर जात नाही, मडकं तापतं आणि हळूहळू ऊब सोडत राहतं. त्यावर भोकांची फळी, फळीवर पाण्याचं ताट, ताटात विटा, विटांवर कुंडी. बल्ब गेला तर बदलता यावा म्हणून खालची पुढची फळी ओढून निघेल अशी केली आणि तिला पट्ट्याची मूठ लावली.

राहिला थर्मोस्टॅट, म्हणजे ऊब जास्त झाली की बल्ब आपोआप बंद करणारा खटका. तो गहिनीनाथनं आणून दिला. गहिनीनाथ गावात मोटारी दुरुस्त करतो. कुणाच्या तरी अंडी उबवायच्या मोडक्या यंत्रातला तो खटका त्यानं आणला, वायरी जोडल्या आणि म्हणाला, "काका, कोंबडीऐवजी पानं उबवा." मी निळ्या पेन्सिलीनं चोवीस अंशांवर खूण केली. संध्याकाळी पहिल्यांदा टक् झालं तेव्हा मी एकटाच हसलो.

दोन हिवाळे वेल जगली. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा चौदा तास वीज गेली आणि सकाळी वेल उकडलेल्या मेथीसारखी पडली होती. मी पुन्हा कलम लावलं नाही. आपल्या हातून व्हायचं नाही, हे मला फार पटकन पटतं. महिन्याभरानं गहिनीनाथ म्हणाला, "काका, बहिनीच्या नर्सरीला नेऊ का पेटी?" मी म्हणालो, ने. कुठली नर्सरी, हे विचारलं नाही.

चांगुणा वाचनालयाची झाडलोट करायची. नवरा गेलेला. राजी तेरा वर्षांची, आठवीत. अकराव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. पोटात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज सुईनं द्यावं लागतं, असा. घरात फ्रीज नव्हता आणि उन्हाळ्यात औषध खराब होईल म्हणून चांगुणा रडत होती, तेव्हा मी तिला एका पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं. परातीत ओली वाळू, वाळूत मडकं, मडक्यात औषध, वर ओलं फडकं. तिनं तसं केलं. दोन उन्हाळे औषध टिकलं. तेव्हापासून ती म्हणायची, "काकांचं पुस्तक खोटं बोलत न्हाई."

मी तिला एकदाही सांगितलं नाही की पुस्तक खोटं बोलत नसेल, पण काका घाबरट आहेत.

*

तो पान खाल्ल्याचा गुरुवार गेला. घरी येऊन मी कागद घेतला. पुढच्या गुरुवारी लोकांपुढं सगळं सांगायचं ठरवलं आणि भाषण लिहायला बसलो. पहिलं वाक्य अकरा वेळा लिहिलं. शुक्रवार त्यात गेला, शनिवार त्यात गेला.

खरं तर कागदाची गरज नव्हती. शेडपाशी जाऊन 'ही माझी पेटी आहे' एवढे चार शब्द म्हणायचे होते.

मंगळवारी दुपारी राजी वाचनालयात आली. एरवी ती कपाटापाशी उभ्यानंच वाचायला लागायची. त्या दिवशी बाकावर बसली. उठून रांजणातलं पाणी प्याली. पुन्हा बसली. पुन्हा उठून पाणी प्याली. पुस्तक उघडून म्हणाली, "अक्षरं हालत्यात, काका."

"दमली असशील," मी म्हणालो.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. खिडकीपाशी गहिनीनाथ पेपर वाचत बसला होता. हल्ली तो बाबांच्या शेडची वीज बघायचा. राजी हळू आवाजात म्हणाली, "ते कपाट तुमचंच हाय ना? मूठ मी वळखली. मागं मीच ताटात पानी घालायचे." मग जरा थांबून तिनं विचारलं, "त्यात आता खरंच देव आलाय का?"

गहिनीनाथनं पेपर खाली केला.

मला खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायची हिंमत नव्हती. अशा वेळी मी जे करतो तेच केलं. म्हणालो, "तसं काही सांगता येत नाही, पोरी. गुरुवारी बघू."

राजीनं मान हलवली. ती पुन्हा पाणी प्यायली आणि घरी गेली.

तिची सुई रविवारपासून बंद होती, हे मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी पोलिसांपुढंही सांगितलं आणि ते खरं आहे. पण तिनं तीनदा पाणी पिताना मी पाहिलं होतं, हेही खरं आहे.

*

दुसऱ्या गुरुवारी गर्दी आणखी होती. मी चार पानी भाषण खिशात घालून गेलो. बाबांचा मेळा जमला होता.

"एकवीस दिवस, एकवीस पानं!" बाबा सांगत होते. "पैले तीन दिवस तुमची गोळी, सुई, काय असंल ते चालू ठेवा. मी काय आडानी न्हाई. चौथ्या दिवशी सोडा. देव आन डाक्टर एका घरात नांदत न्हाईत. दोन सवती हायेत त्या!"

बायका हसल्या. टक्.

मी पुढं गेलो. माइकपाशी उभा राहिलो. कागद काढला आणि वाचू लागलो. "उपस्थित बंधू आणि भगिनींनो, आपल्या या ग्रामीण परिसरामध्ये..."

"काका, वाढदिवस हाय का कुनाचा?" मागून एक जण ओरडला. हशा झाला.

मी दुसरं वाक्य शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं. तेव्हा मला तो श्वास ऐकू आला.

शेडच्या खांबाला टेकून चांगुणा बसली होती. मांडीवर राजीचं डोकं. राजीचे डोळे अर्धवट उघडे होते, ओठ वाळून पांढरे पडले होते आणि ती श्वास घेत होती. खोल, मोठा, भाता ओढावा तसा. डोंगर चढून आलेल्या माणसासारखा. पण ती तर निजली होती.

"बघा!" बाबांनी माझ्या हातातून माइक घेतला. "पोरीच्या छातीत देव शिरतोय. सकाळपासून असा श्वास चाललाय. रोग भाईर निघतोय, रोग!"

मी भाषण टाकलं. पडद्यापाशी गेलो, खाली वाकलो, मूठ धरली आणि ओढली.

फळी निघाली. आत दोन मडकी होती. मी एक मडकं उचललं, हात भाजला, पण उचललं. पिवळा उजेड शेडभर पडला.

"हा बल्ब आहे," मी म्हणालो. माइक नव्हता, पण गर्दी गप्प झाली होती. "चाळीस वॅटचा. दुसऱ्या मडक्याखाली दुसरा. ही ऊब त्यांची आहे. आणि हा खटका. याच्यात पितळ आणि पोलाद अशा दोन पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. ऊब लागली की पितळ जास्त वाढतं, पट्टी वाकते, तार सुटते. टक्. बल्ब बंद. गार झालं की पट्टी सरळ होते. टक्. बल्ब चालू. हे कुणाचा रोग घालवत नाही. ही पेटी मी बांधली. वेल थंडीनं मरू नये म्हणून. पडदा उचला, बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं दिसेल. वाचनालयाचं कपाट नंबर सात, शेती व विज्ञान."

एका पोरानं पडदा उचलला. अक्षरं दिसली. लोकांनी ती वाचली.

मला वाटलं, झालं. पुस्तकांत इथवर आलं की सगळं मार्गी लागतं.

पुढं बसलेला एक म्हातारा अगदी मनापासून म्हणाला, "म्हंजी देव पट्टीत हाय व्हय?"

बाबा हसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "मास्तर खरं बोलले! बल्ब हाय. म्या कवा न्हाई म्हनलं? देवापुढं समई नसती व्हय? ही आमची समई! समई तेलाची म्हून देव तेलाचा हुतो का?"

"न्हाई!" लोक म्हणाले.

"ह्यांच्या हातनं देवानं देव्हारा बांधून घेतला आन ह्यांनाच ठावं न्हाई! अशा भाग्याच्या मानसाच्या पाया पडा!"

दोन बायका खरोखर पाया पडायला आल्या. मी मागं सरकलो.

"आन काका," गहिनीनाथ गर्दीतूनच बोलला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्याला जणू खरंच जाणून घ्यायचं होतं. "गेल्या गुरुवारी पान खाल्लं, हात जोडले. तवा न्हाई दिसला का बल्ब?"

मी त्याच्याकडं पाठ केली.

मी चांगुणाकडं गेलो. राजीच्या तोंडाला वास येत होता. गोड, जास्त पिकलेल्या फळासारखा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर रेश्मांनी आजार निघाला तेव्हाच सांगितलं होतं, मोठा श्वास आणि फळाचा वास म्हणजे एक मिनिट थांबायचं नाही. मी तेव्हा चांगुणाच्या शेजारी बसून ते वहीत उतरवून दिलं होतं.

"सुई कधी दिली शेवटची?"

"शनवारी," ती म्हणाली. तिनं माझ्या भाजलेल्या बोटांकडं पाहिलं. "कपाट तुमचं हाय हे मला पैल्या दिवशीच कळलं हुतं, काका. म्हून तर इस्वास ठेवला. म्हनलं, मडकं काकांचं, ते खरं निघालं. आता कपाटबी काकांचं. आन तुमी स्वता पान खाल्लं. तुमी उगं कशाला खाल?"

"मला नको म्हणता आलं नाही, चांगुणा."

तिला राग आला असता तर मला सोसता आला असता. तिला ते समजतच नव्हतं. चारशे माणसांपुढं एक पान नाकारायला भीती वाटते, ही गोष्ट तिच्या आयुष्यात बसत नव्हती.

गर्दीतल्या एकानं, कांद्याच्या गोण्या भरलेल्या टेम्पोवाल्यानं, गाडी काढली. राजीला आम्ही गोण्यांवर निजवलं. शेड मागं पडली तरी माइक ऐकू येत होता. "इस्वास ढळला की असंच हुतं, माय! ढळू देऊ नका!"

नगरपर्यंत चांगुणा एकदाच बोलली. "राजीनं मंगळवारी तुमाला इचारलं हुतं ना? मीच धाडलं हुतं. म्हनलं, काकांना इचारून ये. ते न्हाई म्हनले तर सुई टोचू."

"ती काय म्हणाली?"

"म्हनली, काका न्हाई म्हनले न्हाईत."

*

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन दिवस जे करता येईल ते केलं. रक्तातलं विष वाढलेलं होतं, मेंदूला सूज आली होती. एक जण म्हणाले, मंगळवारी आणली असती तर बहुतेक वाचली असती. त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं. राजी शनिवारी सकाळी गेली.

तक्रार झाली. मी जबाब दिला, न घाबरता दिला, आता त्याचा उपयोग काही नव्हता. बाबांना अटक झाली, जामीन झाला. कपाट पंचनाम्यात जमा झालं. बाबा निंबदरा सोडून गेले. गहिनीनाथही त्यांच्याबरोबर गेला. पूर्वेकडच्या कुठल्याशा गावात या हिवाळ्यात पुन्हा एक वेल हिरवी आहे, असं ऐकतो. पेटी कशी बांधायची हे आता त्याला येतं. शिकवणारा मीच.

गावात लोक हळहळले. पण काय म्हणून हळहळले? "एकवीस दिवस पुरे झाले असते तर पोर उठली असती." "काकांनी फळी ओढली, देवाला उघडं पाडलं, तो कोपला." माझ्याशी बोलणं कुणी सोडलं नाही, जेवायला बोलावतात. फक्त आजाऱ्याच्या खोलीत मी जाऊ लागलो की एखादी बाई दार अर्धं लोटते.

पुढचा कार्तिक संपता संपता चांगुणा वाचनालयात आली. झाडलोट तिनं कधीच सोडली होती. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "काका, तसलं दुसरं बांधा. पडदा न लावता. लोकांना सगळं दिसंल असं."

"काय उपयोग?" मी म्हणालो. "त्यांनी पाहिलं, चांगुणा. बल्ब पाहिला, अक्षरं वाचली."

"तवा दोन मिनटं बघितलं. रोज बघू द्या."

मला वाटत नव्हतं की काही होईल. अजूनही वाटत नाही. पण मी पेटी बांधली. या वेळी खालची फळीसुद्धा काचेची. थर्माकोल, विटा, पाण्याचं ताट, नवा खटका, पानवेलीचं नवं कलम. पिवळे बल्ब आता गावात मिळत नाहीत, ते सुप्याहून आणले. मडकं एकच मिळालं. दुसरं चांगुणानं घरून आणलं. फडक्यात गुंडाळलेलं, बुडाला वाळू चिकटलेली. मी ते ओळखलं. तिनं स्वतःच्या हातानं ते बल्बवर उपडं ठेवलं.

"हे थंड ठेवायचं काम करत हुतं," ती म्हणाली. "आता ऊब देऊ दे."

पेटी वाचनालयाच्या ओट्यावर ठेवली. शेजारी मी पाटी लावली: 'आत चाळीस वॅटचे दोन बल्ब आहेत. ऊब त्यांची आहे. हात लावून पाहा, फळी ओढून पाहा.' पाटीची अक्षरं मोठी काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला गेलो तर पेटीपुढं हळदीकुंकू होतं आणि एक नारळ.

मी ते पुसलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा होतं. आता दर गुरुवारी सकाळी चांगुणा येऊन पेटीशेजारी बसते. काचेमागं हिरवी पानं बघून कुणी हात जोडले की ती उठते. भिंतीतला प्लग उपसते आणि म्हणते, "बसा जरा." माणूस बसतो. वारा सुटलेला असतो. काच गार पडते, टक् थांबतं. पाऊण तासानं ती त्याचा हात धरून काचेवर ठेवते. "लागतीया का ऊब? न्हाई ना? आता बघा." प्लग पुन्हा लावते. पुन्हा पाऊण तास. बहुतेक जण तोवर थांबत नाहीत. मोजून सांगायचं तर आतापर्यंत सहा जण थांबले. त्यांतल्या दोघांनी जाताना परत हात जोडले.

म्हणजे चौघांनी जोडले नाहीत.

हे मी लिहावं की नाही, यावर दोन महिने गेले. उपदेश करायचा अधिकार मला नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. म्हणून दोनच गोष्टी सांगतो. पहिली सगळ्यांसाठी. काचेला ऊब लागली तर हात जोडायच्या आधी खालची फळी ओढून पाहा. दोरी, तार, बल्ब, काहीतरी असतंच. आणि औषध सोडायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी त्या दिवशीची सुई त्याच दिवशी टोचा.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्यांसाठी आहे. तुम्हाला आतलं माहीत असेल, तर भाषण लिहीत बसू नका. एखाद्या पोरीनं विचारलं, त्यात देव आहे का, तर तिथंच 'नाही' म्हणा. गुरुवारची वाट पाहू नका.